सोलापूर ते संभाजीनगर: न बोलणाऱ्या प्रांजलचं गणित

वेरूळ-अजिंठ्याचे फोटो शोधत इथं पोचला असाल तर आधीच सांगते, या खेपेला मी लेणी पाहिलेली नाहीत. मी एका शाळेशी भांडायला गेले होते. वाटेत पेढे खाल्ले, नान-खलिया खाल्लं, गोदावरी ओलांडली, ते सगळं ओघानं येईलच. पण गाडी काढली ती भांडायला.

मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की सोलापुरात आमच्या गल्लीत मी बालवाडी चालवते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: मी आणि माझी मैत्रीण सईदा मिळून लहान मुलांसाठी टॅबलेटवरचे आकड्यांचे खेळ बनवतो. सईदा राहते संभाजीनगरला, चिकलठाण्यात. एका प्रशिक्षणात आमची गाठ पडली आणि तेव्हापासून आमचा संसार फोनवर चालतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी काय कळतं, मग काय कळतं, तो कुठं अडकतो, हे मी सांगायचं. आणि ते पडद्यावर हलतं-बोलतं करायचं काम तिचं.

फेब्रुवारीत एका दुपारी तिचा फोन आला. खेळातलं काही बिघडलं असेल असं वाटलं, पण ती तापलेली होती. तिच्या घराच्या खालच्या मजल्यावर संगीता आणि ज्ञानेश्वर हे जोडपं भाड्यानं राहतं. ज्ञानेश्वर एमआयडीसीत कारखान्यात, गाव बिडकीनच्या पुढं, घरचा धंदा मेंढरांचा. त्यांची एकुलती एक मुलगी प्रांजल जवळच्याच एका इंग्रजी शाळेत सीनियर केजीत. घरात ही पोरगी अखंड बडबडते, पण अनोळखी माणूस दिसला की तिचं तोंड बंद होतं. शाळेत दोन वर्षांत ती एक शब्दही बोललेली नव्हती. पहिलीत घेण्याआधी शाळेनं आईबापांना बोलावलं, तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि वन टू फिफ्टी म्हणायला सांगितलं. प्रांजल फरशीकडं बघत राहिली. शाळेनं निकाल दिला: मुलगी स्लो आहे, आकडे येत नाहीत, आणखी एक वर्ष केजीत बसवा नाहीतर ‘अशा मुलांची’ शाळा बघा.

सईदाचं म्हणणं वेगळं होतं. ही पोरगी रोज संध्याकाळी तिच्या जिन्यावर बसून आमचे खेळ खेळत होती आणि शेवटच्या टप्प्यावर पोचली होती. “अगं, माझ्या घरात जिला वजाबाकी येते तिला हे लोक स्लो म्हणतात,” सईदा म्हणाली. “तू ये. आपल्या डोळ्यांनी बघ, आणि मग शाळेत माझ्यासोबत चल.”

रात्री जेवताना मी घरात विषय काढला. नवऱ्यानं शांतपणे विचारलं की मूल दुसऱ्याचं, शाळा दुसऱ्याची, गाव दुसरं. त्यात तू कोण? मी म्हटलं, कुणीच नाही, म्हणून तर जाते. माझ्यावर त्या शाळेचं काही चालत नाही. माझं पोरगं तिथं शिकत नाही, माझी फी तिथं अडकलेली नाही. गप्प बसायला मला एकही कारण नाही. सकाळी त्यानं गाडीच्या चारी चाकांत हवा भरून आणली.

शुक्रवार: सोलापूर ते चिकलठाणा

रस्त्याची माहिती विचारणाऱ्यांसाठी: सोलापूर-तुळजापूर-येडशी-बीड-गेवराई असा हा मार्ग चौपदरी आहे आणि बाई एकटी आरामात चालवू शकते. फास्टॅगमध्ये आधीच पैसे भरून ठेवा, टोलनाके बरेच आहेत. थांबत-थांबत गेलात तर सहा-सात तास धरा. सकाळी लवकर निघालात तर येडशीच्या आसपास जंगलाच्या बाजूनं गार वारा लागतो. पुढं सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचे पेढे घ्या. खवा भाजून काळपट झालेले, दिसायला साधे, पण एकावर थांबता येत नाही. मी अर्धा किलो घेतले, सईदाकडं पोचेपर्यंत त्यातले किती उरले ते विचारू नका.

मांजरसुंब्याचा घाट उतरण्याआधी चहाला थांबले. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. आईच्या मांडीवरचं पोर मोबाईलवर कसलीशी गाणी बघत इडली गिळत होतं आणि त्याचे आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते की या मोबाईलनं पोरांचं वाटोळं केलं. माझ्या पिशवीत चार टॅबलेट होते. मी पिशवी पायाखाली सरकवली नाही, मुद्दाम टेबलावर ठेवली.

कारण हा वाद मला आता पाठ झालाय. पोराच्या हातात फोन कोंबून आपण मोकळं व्हायचं, याला माझाही विरोध आहे, माझ्या बालवाडीत ते चालत नाही. पण आम्ही बनवतो ते बघत बसायचं काही नसतं, ते करायचं असतं. पडद्यावर बस येते. तीन माणसं चढतात, बसच्या खिडक्या बंद होतात, एक माणूस उतरतो. आता आत किती? तितकी बोटं मुलानं पडद्यावर टेकवायची. चुकलं तर भोंगा वाजत नाही, खिडक्या उघडतात आणि मूल स्वतःच मोजून बघतं. वेळ संपत नाही, गुण नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. पाव तास झाला की खेळ आपणहून मिटतो आणि मग आम्ही चिंचोके काढतो. पुस्तकातल्या चित्रातली बस हलत नाही, तिच्यातून माणूस उतरत नाही. पडद्यावर उतरतो. एवढ्यासाठी तो पडदा. हे सगळं मी त्या आजोबांना सांगितलं असतं, पण त्यांची इडली संपली आणि ते निघाले.

बीड बायपासनं मागं टाकलं, गेवराईनंतर शहागडला गोदावरीचा पूल लागला. पाचोडच्या आसपास रस्त्याकडेला मोसंबीचे ढीग होते, एक पिशवी घेतली. झाल्टा फाट्यावरून सरळ जालना रोडला लागलं की चिकलठाणा. विमानतळाची भिंत, कारखान्यांचे पत्रे, आणि मध्येच उगवलेल्या नव्या इमारती.

सईदानं दारातच मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलली ते पाण्याबद्दल. उद्या पाणी येणार होतं, बरेच दिवसांनी, त्यामुळं सकाळी कुणीही कुठं जायचं नाही.

प्रांजल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यापर्यंत ओढलेला फ्रॉक. मला पाहताच ती भिंतीकडं तोंड करून बसली. मी काहीच बोलले नाही. बालवाडीत मी एवढं शिकलेय की गप्प मुलाला ‘बोल ना, बोल ना’ करू नये. मी दोन पायऱ्या खाली बसले, टॅबलेट काढला आणि स्वतःच खेळायला लागले. बसमध्ये पाच माणसं चढली, दोन उतरली. मी मुद्दाम विचारात पडले. थोड्या वेळानं एक छोटा हात माझ्या खांद्यावरून आला आणि तीन बोटं पडद्यावर टेकली.

त्यानंतर आम्ही तासभर तिथंच होतो. ती एक शब्दही बोलली नाही, पण बोटांनी सगळं सांगत होती. तरी मला एक शंका होती आणि ती खरी होती का हे बघणं गरजेचं होतं. रोज तोच खेळ खेळून मुलांची बोटं सवयीनं पडतात, डोक्यात आकडा असतोच असं नाही. मग मी टॅबलेट बंद केला. सईदाच्या स्वयंपाकघरातली वाटी आणि चिंचोके मागवले. प्रांजलसमोर सात चिंचोके मांडले, वाटीखाली झाकले, तिला दिसेल अशा बेतानं वाटीखालून तीन काढून घेतले. आत किती? तिनं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही, आणि चार बोटं वर केली. मग तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, चिंचोके झाकले, दोन काढले आणि मला विचारल्यासारखं डोकं हलवलं. आता माझी परीक्षा होती.

संगीता दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. तिशीची, बारीक अंगाची बाई. ती म्हणाली, “ताई, मला लई दिवसांपासून ठावं हाय तिला येतंय. पण माझं कोण ऐकणार?”

ज्ञानेश्वर ड्युटीवरून आल्यावर त्याच्याशी बोलले. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्याचं ठरलं होतं: पोरीला पुन्हा केजीत बसवायचं म्हणजे आणखी एक वर्षाची फी, त्यापेक्षा गावाकडं आई-वडिलांजवळ ठेवू, ती मेंढरांमागं फिरेल, मोठी होईल तशी बोलायला लागेल, मग शाळेचं बघू. संगीता भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती म्हणाली की पोरगी गावाला गेली तर मीपण गावाला जाईन.

शनिवार: पाणी आणि औरंगपुरा

पाणी भल्या सकाळी आलं. ड्रम, घागरी, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा. पाहुणी असूनही मी पाइप धरून उभी होते. प्रांजल प्रत्येक भांड्यापाशी जाऊन पाणी कुठवर आलं ते बघत होती आणि भरत आलं की माझा दुपट्टा ओढत होती. संभाजीनगरात कुणाकडं उतरणार असाल तर आधी विचारून घ्या, पाण्याचा दिवस कोणता. यजमानाला बरं वाटतं.

दुपारी सईदाच्या स्कूटीवर औरंगपुऱ्यात गेलो. गाडी घेऊन त्या गल्ल्यांत शिरू नका. रिक्षा करा नाहीतर कुणाच्या तरी मागं बसा. आम्हाला मोठ्या मण्यांच्या माळा आणि अंकांची कार्डं हवी होती. एका स्टेशनरीच्या दुकानात सईदानं मालकाला टॅबलेटवरचा खेळ दाखवला, त्याच्या नातीसाठी म्हणून. त्यानं चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाला, “आपा, ये सब ठीक है, लेकिन पाढे पाठ नसतील तर पुढं काय? आमच्या वक्ताला मास्तर छडी घेऊन उभा राहायचा, लगेच यायचे पाढे.” सईदानं हसून विचारलं की आता सतराचा पाढा म्हणून दाखवता का. तो चौथ्या पायरीवर अडखळला. आम्ही कार्डं घेतली, त्यानं दोन पेन्सिली फुकट दिल्या.

शहागंजच्या बाजूला एका जुन्या हॉटेलात नान-खलिया खाल्लं. हळदीच्या रंगाचा मऊ नान, वर तर्री तरंगणारं मटण. दोघींचं भरपेट झालं आणि खिशाला चटका बसला नाही. मकबरा स्कूटीवरूनच पाहिला, लांबून. तिथं उतरायला वेळ नव्हता, कारण सईदाला सोमवारी शाळेत ठरलेल्या बैठकीत काय बोलायचं ते ठरवायचं होतं. तिचं म्हणणं, आपण तक्ते, आलेख, प्रांजलनं किती वेळा बरोबर उत्तर दिलं याची सगळी नोंद घेऊन जाऊ. माझं म्हणणं, ते काही न्यायचं नाही. नोंदी काढल्या की चर्चा आपल्या खेळावर जाईल आणि पोरगी बाजूला राहील. रस्त्यात यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तिनं गाडी बाजूला घेतली, इमरतीच्या दुकानापुढं, आणि म्हणाली, “ठीक है. तुझं ऐकते. पण हरलो तर इमरती तुझ्याकडून.” मी तेव्हाच दोघींसाठी घेतली.

रविवार: बिडकीनच्या पुढं

ज्ञानेश्वरच्या आई-वडिलांना भेटल्याशिवाय काही ठरणार नाही हे संगीतानं सांगितलं होतं, म्हणून माझ्या गाडीतून सगळे निघालो. पैठण रस्त्यानं बिडकीन. तिथं नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते बघण्यासारखे आहेत: आठ गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढे रुंद, दिव्यांचे खांब, फुटपाथ, आणि लांबपर्यंत माणूस नाही. फक्त एका ठिकाणी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. प्रांजल खिडकीतून अर्धी बाहेर आली. ते तिच्याच आजोबांचं खांड होतं.

आबांनी गाडी ओळखली नाही, पण नात ओळखली. डोक्याला पिवळसर पटका, खांद्यावर घोंगडी, आवाज घोगरा. वस्तीवर गेल्यावर आज्जीनं ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मेंढीच्या दुधाचा चहा दिला. मी पहिल्यांदाच प्यायले. दाट असतो, थोडा उग्र, आणि दुसरा कप नको म्हणता येत नाही. इथं प्रांजल वेगळीच मुलगी होती. कोकरामागं धावत ती ओरडत होती, हसत होती, प्रत्येक मेंढीला नावानं हाक मारत होती. माझ्याकडं लक्ष गेलं की गप्प, मग परत सुरू.

आबांना टॅबलेट दिसला आणि त्यांचा चेहरा बदलला. “ह्ये दावून पोरगी बिघडवली का तुमी?” त्यांनी सरळ मलाच विचारलं. ज्ञानेश्वर मान खाली घालून बसला. मी म्हटलं, आबा, आधी खेळून बघा, मग शिव्या द्या.

ते खेळायला तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. पण आज्जी म्हणाली की भित्यात त्ये, आणि ते बसले. सईदानं कमी-जास्तीचा खेळ लावला. पडद्यावर दोन वाड्यांत शेळ्या दिसतात, क्षणभरच, मग दारं लागतात. कुठल्या वाड्यात जास्त, त्या दाराला बोट लावायचं. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला प्रांजल. सुरुवातीला आबांनी पटापट बरोबर दारं ओळखली आणि ते मिशीत हसले. मग खेळ अवघड होत गेला. एका वाड्यात मोठ्या शेळ्या थोड्या, दुसऱ्यात बारकी करडं जास्त. आबा दरवेळी मोठ्या शेळ्यांच्या दाराला बोट लावत होते. प्रांजल करडांच्या.

आबा तापले. म्हणाले, ह्ये खोटं हाय, मोठ्या जनावरांनी वाडा भरलाय, दिसंना का? तेव्हा प्रांजलनं त्यांचा हात धरला, दार उघडलं आणि त्यांचं बोट एकेका करडावर टेकवत नेलं. आणि माझ्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर मी बसलेली असताना, तिनं मोजलं. मोठ्यानं. “एक, दोन, तीन...” ती नऊपर्यंत गेली, मग मोठ्या शेळ्यांच्या वाड्यात सहावर थांबली आणि आजोबांकडं बघून म्हणाली, “आबा, मोठं म्हंजी जास्त नसतंय.”

तिचा आवाज मी इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकला तो असा. घोगरा, आबांसारखाच. संगीतानं पदर तोंडाला लावला. मी जमिनीकडं बघत राहिले, कारण माझं लक्ष आहे हे कळलं असतं तर ती थांबली असती.

आबा आणखी दोन डाव खेळले आणि दोन्ही हरले. मोबाईल वाईट हे त्यांचं मत बदललं नाही, निघताना पुन्हा ऐकवलं. पण ज्ञानेश्वरला बाजूला घेऊन ते जे बोलले ते मला ऐकू आलं. “पोरीला हितं आणू नको. मेंढरं राखायला मी हाय.”

परतीच्या वाटेवर ज्ञानेश्वर पुढच्या सीटवर होता. बराच वेळ रस्ता बघून झाल्यावर त्यानं विचारलं, शाळेत गेलं तर शाळा पोरीवर राग काढंल का? मी खरं सांगितलं: काढू शकते. मग कायदा सांगितला. सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला, म्हणजे प्रांजललाही, पहिलीत बसायचा हक्क आहे, आणि प्रवेशासाठी एवढ्या लहान मुलाची परीक्षा घ्यायला मनाई आहे. त्यानं विचारलं, हे शाळेला ठावं नसंल का? मागून संगीता म्हणाली, त्यांला ठावं असंल, आपल्याला ठावं नव्हतं.

सोमवार: शाळा

शाळेचं नाव लिहीत नाही. अशा शाळा प्रत्येक शहरात आहेत आणि तुमच्या गावातलीही तुम्हाला माहीत असेल. स्वागतकक्षात गार हवा, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. मुख्याध्यापिका सभ्य होत्या. त्यांनी प्रांजलला, तिच्या आईबापांना आणि आम्हा दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि मग सईदाला आणि मला विचारलं की आपण कोण. मी म्हटलं, संगीताताईंनी बोलावलं म्हणून आलोय.

त्यांनी प्रांजलकडं वाकून गोड आवाजात विचारलं, “बेटा, काउंट करून दाखवते?” प्रांजलनं आईच्या साडीत तोंड खुपसलं. बाईंनी आमच्याकडं बघून हात पसरले. बघा, असं. मी टॅबलेट काढला तर त्यांनी पाहिलाही नाही. गेम म्हणजे अभ्यास नव्हे, त्या म्हणाल्या, मुलं अंदाजानं दाबत राहतात. मी म्हटलं, ही शंका मलाही होती, म्हणून मी चिंचोक्यांवर तपासलं, तुम्हीही तपासा. चिंचोके, मणी, खडू, काहीही चालेल. फक्त बोलायला सांगू नका, दाखवायला सांगा. त्या म्हणाल्या की शाळेची एक पद्धत असते.

तोवर प्रांजलच्या वर्गाच्या टीचरला बोलावलं गेलं होतं. तरुण मुलगी, पंचविशीची, हाताला खडूची भुकटी. तिनं टॅबलेट बघितला, मुख्याध्यापिकांकडं बघितलं आणि विचारलं, “मॅडम, मी बसू का हिच्यासोबत पाच मिनिटं?” उत्तराची वाट न बघता ती कोपऱ्यात फरशीवर मांडी घालून बसली. प्रांजल हळूहळू आईपासून सुटली. बसचा खेळ सुरू झाला. टीचरची पाळी आली तेव्हा आठ माणसं चढली, तीन उतरली, आणि टीचरनं गडबडीत चार बोटं टेकली. प्रांजलनं तिचा अंगठा धरला आणि तोही पडद्यावर ठेवला. पाच.

टीचर उठली. ती घाबरलेली होती, ते दिसत होतं, नोकरी तिची होती. तरी म्हणाली, “मॅडम, हिला येतंय. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना शंभरपर्यंत म्हणता येतं आणि हे येत नाही.”

मग मुख्याध्यापिका म्हणाल्या की ठीक आहे, विचार करू, पुढच्या महिन्यात या, तोवर मुलीला बोलायची सवय लावा. मी तोंड उघडणार तेवढ्यात संगीता बोलली. ती बसूनच होती, आवाज चढवला नाही.

“मॅडम, माझी पोरगी मागं बसवायची असंल तर कामून बसवायली त्ये कागदावर लिहून द्या. तिला आकडं येत नाय म्हणून, का ती बोलत नाय म्हणून. सही करून द्या. आमी वाट बघतो हितंच.”

मुख्याध्यापिकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. इतक्या टोकाला जायची गरज नाही, त्या म्हणाल्या. संगीता म्हणाली, गरज हाय. आम्ही चौघं आणि एक लहान मुलगी त्या गार खोलीत बसून राहिलो. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरांचा गलका झाला, पुन्हा घंटा झाली. प्रांजल फरशीवर एकटीच बस भरत होती, रिकामी करत होती. तसं लिहून देता येत नाही हे त्या बाईंना आमच्याइतकंच माहीत होतं. अखेर त्यांनी लिपिकाला हाक मारली आणि पहिलीच्या यादीत प्रांजलचं नाव घालायला सांगितलं. आमच्याकडं न बघता.

संगीतानं ते नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मगच उठली. फाटकाबाहेर ज्ञानेश्वरनं विचारलं की दुसरी शाळा बघायची का, इथं आता पोरीला सुख देणार नाहीत. ती म्हणाली, “नाय. आपण गेलो तर त्यांला बरं वाटंल. ती हितंच शिकंल.”

परत घरी

मंगळवारी मी एकटी उलट्या वाटेनं सोलापूरला आले. येताना बीडच्या अलीकडं टायर पंक्चर झाला, तो काढून देणाऱ्यानं मागच्या सीटवरचे टॅबलेट पाहून विचारलं की मोबाईल विकता का. नाही म्हटलं, आकडे शिकवते. त्यानं ओठ मुडपले. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आज हे लिहितेय तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झालाय. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. पहिलीला वेगळ्या बाई आहेत, त्या तोंडीच विचारतात, आणि प्रांजल अजूनही वर्गात बोलत नाही. पहिल्या आठवड्यात तिच्या वहीवर लाल शेरा आला. संगीता वही घेऊन शाळेत गेली आणि बाईंना अंकांची कार्डं देऊन आली; म्हणाली, हिला विचारा, ही दाखवंल. बाईंनी कार्डं ठेवून घेतली, कधी वापरतात, कधी नाही. केजीच्या त्या टीचरची नोकरी शाबूत आहे, मधल्या सुट्टीत ती प्रांजलला भेटते. सईदानं आणि मी खेळात एक बदल केला: मोजून बोलून दाखवायचा जो टप्पा होता तो आता ऐच्छिक आहे. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. आमचे खेळ विकत घेणाऱ्या एका मोठ्या ग्राहकाला तो टप्पा सक्तीचा हवा होता. त्यांना आम्ही नाही म्हटलं.

या प्रवासातून काय मिळालं असं माझ्या नणंदेनं विचारलं. पेढे संपले, लेणी पाहिली नाहीत, शाळेनं माफी मागितली नाही, मुलगी बोलली नाही. पाच दिवस आणि टाकीभर पेट्रोल घालवून मी नेमकं काय बदललं?

तिला मी एवढंच सांगितलं, आणि तुम्हालाही तेच सांगते. प्रांजल पहिलीत आहे.